कोरोना प्रयोगशाळेतून आला का?

"डॉक्टरसाहेब, तो कोरोना चीननं लॅबमध्ये बनवला होता ना?" वाशिमच्या ओपीडीत हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, बहुतेक वेळा बीपी तपासताना. "व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवू नका" म्हणून पेशंटला गप्प करता येतं. पण ते प्रामाणिक होणार नाही, कारण हा प्रश्न गांभीर्यानं घेणाऱ्यांत पुण्याचे दोन शास्त्रज्ञही आहेत.

डॉ. मोनाली रहाळकर आघारकर संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, तर त्यांचे पती डॉ. राहुल बाहुलीकर 'बायफ'मध्ये (हो, संकरित गाईंमुळे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेली तीच बायफ). २०२० मध्ये या दोघांनी चीनच्या युनान प्रांतातल्या मोजियांग इथल्या तांब्याच्या एका जुन्या खाणीवर शोधनिबंध लिहिला. २०१२ मध्ये तिथे वटवाघळांची विष्ठा साफ करणारे ६ कामगार न्यूमोनियानं आजारी पडले, ३ दगावले. पुढे वुहानच्या विषाणू संस्थेनं त्याच खाणीतून नमुने नेले. त्यांत सापडलेला एक विषाणू कोरोनाशी ९६ टक्के जुळतो. संस्थेनं फेब्रुवारी २०२० मध्ये तो जाहीर केला, पण या आजारी कामगारांचा उल्लेख त्यात नव्हता. तो आला नोव्हेंबरमध्ये, पुरवणी म्हणून. संशय वाढला तो अशा लपवाछपवीमुळे.

आता ९६ टक्के म्हणजे किती जवळ? या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा असतो. ४ टक्के म्हणजे हजाराहून जास्त अक्षरांचा फरक, आणि निसर्गात तेवढा फरक पडायला काही दशकं लागतात. म्हणजे हा खाणीतला विषाणू कोरोनाचा बाप नव्हे, लांबचा चुलता.

शिवाय "बनवला" आणि "निसटला" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुद्दाम शस्त्र म्हणून बनवल्याचा पुरावा नाही. अभ्यासासाठी आणलेला विषाणू चुकून बाहेर पडला का, हा वाद मात्र खरा आहे. दुसऱ्या बाजूला, सुरुवातीचे बरेच रुग्ण वुहानच्या हुआनान बाजाराभोवती सापडले, आणि तिथे जिवंत रानटी प्राणी विकले जात होते. पण आधी लागण झालेला प्राणी काही हाती लागला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं जून २०२५ मध्ये सांगितलं, की उपलब्ध पुरावा प्राण्यांकडे झुकतो, पण चीननं मागितलेली माहिती दिली नाही, त्यामुळे प्रयोगशाळेची शक्यता खोडता येत नाही. माझाही कल प्राण्यांकडेच आहे. तरी पैज मी लावणार नाही.

कारण प्रयोगशाळेतून रोग बाहेर पडल्याची उदाहरणं आहेत. १९७७ मध्ये एक फ्लू जगभर पसरला. तो १९५० च्या सुमाराच्या विषाणूशी इतका जुळत होता, की तो लसीच्या चाचणीतून किंवा प्रयोगशाळेतून सुटला असावा असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. २०१९ मध्ये चीनमधल्या लान्झोऊत जनावरांची लस बनवणाऱ्या कारखान्यानं मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं आणि ब्रुसेलाचे जंतू हवेत गेले. १०,००० हून जास्त लोकांना लागण झाली. ज्यामुळे गाई-म्हशी गाभडतात, तोच हा जंतू.

म्हणून धोकादायक प्रयोगांवर कडक देखरेख हवी, ही मागणी रास्त आहे. मला खटकतं ते पुढचं वाक्य: "व्हायरस लॅबचा, मग लसपण त्याच कटातली." हे ऐकून घरच्या घरी बाळाचे गोवराचे डोस टाळले जातात. तुमच्यापैकी अनेकांनी घेतलेली कोव्हॅक्सिन ज्या विषाणूपासून बनली, तो २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या प्रयोगशाळेतच वेगळा करून वाढवला होता. त्याला निष्क्रिय करून ही लस तयार झाली. विषाणू कुठूनही आलेला असो, ती लस शरीरात तशीच काम करते. तेव्हा चीनवर हवा तेवढा राग धरा, पण नातवाचा गोवराचा डोस राहिला असेल तर कार्ड घेऊन या, बघू.