पाचगणी : शाळेचे घर सोडताना

वाई मागे टाकून एस.टी. पसरणीचा घाट चढू लागली की खिडकीतून कृष्णेचे खोरे हळूहळू खाली सरकू लागते. धोम धरणाचे पाणी आधी तळ्याएवढे आणि मग ताटाएवढे दिसते. जेमतेम बारा किलोमीटरचा हा घाट, पण तेवढ्यात सुमारे सहाशे मीटरची चढण होते आणि प्रवासी पिशवीतले स्वेटर शोधू लागतात. शेवटची वळणे संपली की सिल्व्हर ओकची उंच झाडे दिसू लागतात. पाचगणी आली!

पुण्याहून सुरूर फाट्यामार्गे सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या या गावाला पर्यटक सहसा दोन तास देतात. टेबललँडवर घोड्याची रपेट करायची, स्ट्रॉबेरी-क्रीम खायचे, सिडनी पॉइंटवर फोटो काढायचे आणि महाबळेश्वर गाठायचे. रस्त्याच्या कडेच्या दगडी कुंपणांमागे काय आहे, हे पाहायला फारसे कोणी थांबत नाही. खरी पाचगणी मात्र त्या कुंपणांमागेच आहे.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी ही वसाहत वसवली. महाबळेश्वरात पावसाळ्यात राहणे अशक्य होई. इथे पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून बाराही महिने राहता येईल अशी ही जागा निवडली गेली. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने ती नावारूपाला आणली आणि सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडेही त्याच काळात आली. कोरड्या, स्वच्छ हवेमुळे आधी आजारी माणसे इथे आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभारले. आणि जी हवा रोग्यांना मानवते, ती मुलांनाही मानवणारच! सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चे, संजीवन विद्यालय १९२२ चे, न्यू एरा १९४५ चे. सेंट पीटर्समध्ये १९५० च्या दशकात झांजीबारहून आलेला एक पारशी मुलगा शिकत होता. तो पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटातली शाळाही इथलीच.

या साऱ्या निवासी शाळा. मुले जिथे राहतात, तिथेच शिक्षकही राहतात, आणि शिक्षकाबरोबर त्याचे घरही.

अशाच एका शाळेत गणित शिकवणारे एक सर १९८४ साली चोविसाव्या वर्षी रुजू झाले. तीन वर्षांनी लग्न झाले आणि वसतिगृहाला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या पत्नी राहायला आल्या. सरांकडे पुढे हाउसमास्टरचे काम आले. म्हणजे दिवसा वर्ग आणि रात्री चाळीस मुले. ही चाळीस मुले सरांची जितकी, त्याहून काकणभर जास्त काकूंची. रात्री दोन वाजता दार वाजले, तर आधी उठायच्या त्या काकूच. कुणाला ताप, कुणाला घरची आठवण, कुणी अंथरूण ओले केलेले. आल्याचा चहा, कपाळावर थंड पाण्याची घडी, आणि सकाळी सरांना सांगायचे नाही असे मुलाला दिलेले वचन. पावसाळ्यात इथे आठवडा आठवडा ऊन पडत नाही. शेगडीवर उलटी टोपली ठेवून, तिच्यावर पसरून त्यांनी कितीतरी मुलांचे मोजे सुकवले असतील.

या कामाला पगार नव्हता आणि कोणी तो मागितलाही नाही. शाळांचा सगळा डोलारा शिक्षकांच्या अशा बायकांवर (आणि शिक्षिकांच्या काही नवऱ्यांवरही) उभा असतो. त्यांची नावे मात्र कुठल्याच हजेरीपटावर नसतात.

महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या सेवानियमांप्रमाणे शिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. सर २०१८ मध्ये झाले. निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, मुलांनी बसवलेले गाणे, माजी विद्यार्थ्यांची पत्रे. सरांबद्दल सात जण बोलले. काकूंच्या वाट्याला ‘त्यांना मोलाची साथ देणाऱ्या त्यांच्या सुविद्य पत्नी’ एवढे एक वाक्य आले, आणि एक गजरा. त्या रात्री गजरा सोडता सोडता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही रिटायर झालात हे बरं झालं, पण मला कुणी विचारलंच नाही.”

विचारायला हवे होते, कारण नोकरी सरांची संपली तरी घर दोघांचे जाणार होते. बिनभाड्याच्या घराचा हा एक तोटा आहे. राहताना सुख वाटते आणि स्वतःचे घर बांधणे दर वर्षी पुढे ढकलले जाते. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला सरकारी पेन्शनही नसते. हाताशी येते ती भविष्य निर्वाह निधीची रक्कम, त्यातलेच तुटपुंजे निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी. ही ग्रॅच्युइटीसुद्धा शिक्षकांना सहज मिळालेली नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत असे म्हटले. २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासूनचा हक्क दिला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. एवढे दिवस वाट पाहणाऱ्या घरांत काय चालले असेल!

काकूंनी मात्र वाट पाहिली नव्हती. वसतिगृहाच्या उशांचे अभ्रे शिवून, लोणची-मुरंबे विकून साठवलेल्या पैशांत त्यांनी १९९९ मध्येच सरांना वाईत एक लहानसा प्लॉट घ्यायला लावला होता. सर तेव्हा हसले होते. “इथली हवा सोडून खाली उकाड्यात कोण जाणार?” निवृत्तीच्या वेळी त्याच प्लॉटवर दोन खोल्या उभ्या होत्या. क्वार्टर असलेल्या प्रत्येक नोकरदाराच्या घरात ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. निदान दहा वर्षे आधी विचार हवा, आणि तो दोघांनी मिळून करायला हवा.

सामान एका टेम्पोत मावले. क्वार्टरमागे लावलेले फणसाचे झाड काही नेता येत नव्हते. लाल पानांच्या पॉइन्सेटियाच्या चार फांद्या तेवढ्या काकूंनी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या. घाट उतरताना सर मागे वळून पाहत होते आणि काकूंचे लक्ष फांद्यांकडे होते.

पाचगणीचे निवृत्त शिक्षक कुणी साताऱ्याला जातात, कुणी पुण्याला मुलांकडे, तर कुणी कोकणातल्या मूळ गावी. वाई निवडणाऱ्यांचा हिशेब साधा आहे. डोंगर डोळ्यांआड होत नाही आणि बाजार, दवाखाना पायी गाठता येतो. शिवाय वाई हे जुने विद्येचे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे इथले वास्तव्य, मराठी विश्वकोशाचे कार्यालय, मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला. ढोल्या गणपतीच्या घाटावर संध्याकाळी बसले की शेजारचा माणूस बहुधा निवृत्त मास्तरच निघतो. हवापालट म्हणून पाचगणीला येणाऱ्यांनी परतताना एक संध्याकाळ या घाटावर जरूर काढावी. भिलारलाही जावे. तिथे ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तके ठेवलेली आहेत आणि कुणाच्याही ओसरीवर बसून ती वाचता येतात.

पहिले सहा महिने सरांना जड गेले. पहाटे साडेपाचला, घंटेच्या वेळेला, जाग येई आणि उठवायला कुणी नसे. चिडचिड वाढली. भाजी कशी चिरावी यावर ते काकूंना सूचना देऊ लागले. काकूंनी आठवडाभर ऐकून घेतले आणि मग शेजारची दहावीची तीन मुले गोळा करून आणली. “यांना शिकवा. माझी भाजी मला येते.” आता सकाळी अंगणात भूमितीची प्रमेये चालतात.

त्या वेळेत काकू घरात नसतात. एकतीस वर्षे दार वाजेल म्हणून त्या कुठे लांब गेल्याच नव्हत्या. सिडनी पॉइंटसुद्धा त्यांनी पाहिला तो पाहुण्यांना दाखवताना. वाईत आल्यावर त्या प्रथम ग्रंथालयाच्या सभासद झाल्या. पावती लिहिणाऱ्याने सवयीने सरांचे नाव विचारले, तेव्हा त्यांनी आपले सांगितले. पॉइन्सेटियाच्या चारपैकी दोन फांद्या जगल्या आहेत. पाने पाचगणीइतकी लाल होत नाहीत, पण होतात. सर हल्ली पुस्तक बदलायला आपण जातो म्हणतात. काकू जाऊ देत नाहीत, त्यांची निवड त्यांना पसंत नाही.