दादीची लाकडं

आमचं गाव महाड तालुक्यातलं, सावित्रीच्या खोऱ्यातलं. जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने कोरडी काडी मिळणं मुश्कील. म्हणून पावसाळ्याच्या बेगमीत तांदूळ, कांदे, सुकी मासळी यांच्या जोडीला जळणही असायचं. आणि त्या खात्याची मुखत्यार होती दादी.

दादी शाळेत गेली नव्हती, पण तिचे नियम पक्के होते. लाकूड थंडीतच आणायचं आणि फोडून उन्हात टाकायचं. अख्खा ओंडका वरून सुकलेला दिसला तरी साल आतलं पाणी धरून ठेवते. ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं आणि ते २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड नीट पेटत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. दादी मात्र दोन फाटे एकमेकांवर आपटून बघायची. टणक, खणखणीत आवाज आला तर खोपीत. बद्द वाजलं तर परत उन्हात. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळतं, मग तुमचं, असं ती म्हणायची. त्या धुराने डोळे चुरचुरायचे ते घरातल्या बायकांचेच.

मग घरात गॅस आला. चूल मागच्या पडवीत गेली, पण लाकूड काही घरातून गेलं नाही. अंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापतं. ईदला किंवा लग्नात डेग चढते तीही लाकडावरच. दादी गेली आणि तिच्याबरोबर तिची शिस्त तेवढी गेली.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मुंबईहून सुट्टीला गेलो होतो. अंगणात लाकडं विखुरलेली दिसली. म्हटलं, अम्मीचं काम हलकं करू. एका दुपारी सगळी लाकडं मागच्या भिंतीला टेकवून जमिनीवरच रचली, वरून खालपर्यंत निळं प्लास्टिक गुंडाळलं आणि कडेने दगड ठेवले. ढीग नीटनेटका दिसत होता. स्वतःवर खूश होऊन मी परत गेलो.

जुलैच्या एका रात्री फोन आला. वीज गेली होती. अम्मी फजरच्या आधी पाणी तापवायला उठली, अंधारात प्लास्टिकखाली हात घातला आणि विंचू डसला. लाल विंचू. तासाभरात ती घामाने निथळत होती, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. धाकट्या भावाने वेळ न घालवता रिक्षातून दवाखाना गाठला.

या विंचवाचं विष थेट हृदयावर आघात करतं. पूर्वी कोकणात यामुळे कित्येक माणसं दगावत. महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्या रुग्णांवर उपचार करता करता प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर जीव वाचवतं, हे दाखवून दिलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. अम्मीला तीच गोळी मिळाली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. अल्हम्दुलिल्लाह.

मी गावी पोहोचलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बाळा, तू चांगल्यासाठीच केलंस.” त्या वाक्याने मला जास्त बोचलं.

ढीग उपसला तेव्हा माझी चूक समोर आली. खालच्या थराला वाळवी लागली होती. प्लास्टिकच्या आत वाफ धरून लाकडांवर बुरशी चढली होती. विंचवाला, फुरशाला याहून चांगलं घर कुठलं? मी जळण साठवलं नव्हतं, बीळ बांधून दिलं होतं.

मग दादीचे नियम आठवून पुन्हा रचलं. खाली चिऱ्यांवर दोन वासे, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे खालून झाडू फिरतो. भिंतीपासून हातभर लांब, वारा खेळायला. झाकण फक्त वर, बाजू उघड्या. दोन्ही टोकांना लाकडं आडवी-उभी, म्हणजे ढीग पोरांच्या अंगावर कोसळत नाही. जुनं लाकूड पुढे, नवं मागे. वीजमीटर आणि गॅसच्या सिलिंडरपासून ढीग दूर. चुलीजवळ फक्त दोन दिवसांचं जळण, तेही ठिणगी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर. राख पत्र्याच्या डब्यात, कारण तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. लाकूड काढायचं ते उजेडात, आधी काठीने ठोकून, पायात चप्पल घालून.

अरबीत ‘हातिबु लैल’ असा शब्दप्रयोग आहे. अर्थ, रात्री लाकडं गोळा करणारा. पारख न करता मिळेल ते ज्ञान गोळा करणाऱ्याला तो लावतात, कारण अंधारात मोळीबरोबर साप कधी उचलला हे अशा माणसाला कळत नाही. मी तो कित्येक तकरिरींमध्ये ऐकला होता, पण कायम उपमा म्हणूनच. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवा, ही पैगंबरांची (स.) शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. तीही आम्हाला पाठ असते. चुलीतला विस्तव विझला का, हे बघायला मात्र रोज रात्री दादीच उठायची.

आता ते काम भाऊ करतो. अम्मी पहाटे उठते तेव्हा तिच्या उशाशी टॉर्च असतो आणि रात्रीसाठीची चार लाकडं संध्याकाळीच आत आलेली असतात. तुमच्याही गावच्या घरामागे असा ढीग असेल. पाऊस लागण्याआधी एकदा जाऊन त्याच्या खाली बघा. तिथे रोज हात कोण घालतं, ते तुम्हाला माहीत आहे.