आडनावाआधीचं गाव

नगर परिषदेच्या दप्तरात गेवराई शहर आहे. तिथं वाढलेल्यांच्या तोंडी मात्र ते गावच. पुण्यात इतकी वर्षं काढली, घराचे हप्ते फिटत आले, तरी वाकडेवाडीच्या स्टँडवर उभा असताना कुणी विचारलं तर मी 'गावाकडं' असंच सांगतो. धुळे-सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्यांनी गेवराई बसच्या खिडकीतून पाहिलेली असते. स्टँड, केळीवाले, हॉर्न, की पुन्हा काळं रान. देखणं म्हणावं असं तिच्यात फारसं काही नाही, हे मीच आधी कबूल करतो.

पण दसरा सरला की गेवराईला जावं. बोंडं फुटलेली असतात. बाया कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी कापूस वेचत पुढं सरकतात. बोंडांच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा सोलवटतात, तरी हात थांबत नाही. भरलेली ओटी बांधावर रिकामी होते, गाठोडी बांधली जातात. ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना महिनाभर अडकून राहतो. भाव पडलेला असला की घरातली एक खोली छतापर्यंत कापसानं भरायची आणि आम्ही पोरं आढ्याजवळच्या फळीवरून त्यात उड्या मारायचो. मग रात्रभर अंग खाजवत बसायचं. आईचा मार वेगळा.

२०२३ साली नेमक्या याच दिवसांत आमचा बीड जिल्हा पेटला.

अंतरवाली सराटी आम्हाला लांब नाही. गोदावरीवरचा पूल ओलांडला की शहागड, तिथून थोडं आत. पुलावर जिल्हा बदलतो, सोयरीक बदलत नाही. १ सप्टेंबरला तिथं आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न घराघरात गेला. २५ ऑक्टोबरला आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटलांनी पुन्हा उपोषण धरलं. ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या मातोरीचे. ३० तारखेला माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटवलं गेलं, त्याच दिवशी बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचं. मग बीड शहर, तालुक्यांची ठिकाणं आणि महामार्ग, सगळीकडं संचारबंदी. इंटरनेट बंद.

मी पुण्यात टीव्हीपुढं. एकच जळकी गाडी तिन्ही कोनांतून फिरून फिरून दाखवत होते आणि खाली पट्टी धावत होती. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या निरोपापुढं एकच टिक. शेवटी साधा फोन लावला, तो लागला. काकूंनी उचलला.

"कसं हाय तिकडं?"

"कसं असायचं? वेचायला बाया येईनात. कापूस झाडालाच लोंबायलाय."

मी जाळपोळीचं विचारत होतो, त्या कापसाचं सांगत होत्या. ऑगस्ट कोरडा गेला होता, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७०२० रुपये असला तरी हातात काय पडेल याची खात्री नव्हती. राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्यात बीड जिल्ह्यातले तीन होते आणि गेवराई नव्हती; काकूंचा खरा राग त्यावर. शिवाय ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेतलेली, बिऱ्हाडं बांधलेली आणि महामार्गावर संचारबंदी. या कुठल्याच गोष्टीला टीव्हीच्या पट्टीत जागा नव्हती. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "चाचा मागच्या दारानं साखर-तेल देतेत. काळजी करू नको."

चाचा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेले किराणावाले. आमच्या गल्लीत असंच होतं. दुधाचे बापू, तेलातले आण्णा, शिलाईचे मामू. शाळेचा फॉर्म भरेपर्यंत यांना आडनावंही असतील हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. जात नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. ती वस्तीत होती, पंगतीत होती, विहिरीच्या काठावर होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात १९७८ साली मराठवाड्यात दलितांची घरं जळली, ती काही परक्या मुलखातून आलेल्यांनी जाळली नव्हती. तेव्हा माझी माया निष्पाप गावावर नाही. असं गाव मी पाहिलेलं नाही. माया आहे ती एका सवयीवर. ज्याला जन्मभर चाचा म्हटलं, त्याला तोंडावर वाईट बोलताना जीभ अडायची. नात्याची हाक खोटी असेल, लाज खरी होती.

२०२४ ची लोकसभा निवडणूक जातीवर गेली आणि ती लाज झपाट्यानं उडाली. दुकानात शिरण्याआधी पाटीवरचं आडनाव वाचणारी माणसं मला गावात भेटली. डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि सगळा जिल्हाच बदनाम झाला. पुढं जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी आपल्या लोकांना नुसत्या पहिल्या नावानं हाक मारायला सांगितलं. टेबलांवरच्या पाट्यांवरूनही आडनावं गेली. उपाय मला मनापासून आवडला. दुखणं कुठवर गेलंय, तेही त्यातच दिसलं. २०२५ च्या पाडव्याच्या पहाटे आमच्याच तालुक्यात, अर्धा मसला गावात, मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी ईद होती.

इकडं पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलेल्या आमच्या पोरांना मालक विचारतात, "बीडचे का?" आणि मग घरात विचारून कळवतो म्हणतात. कुणी 'महाराष्ट्राचा बिहार' म्हणून मोकळं होतं. बिहारच्या लोकांनी तरी काय घोडं मारलंय?

पण त्या जाळपोळीनंतरची, २०२३ ची दिवाळी मी गावातच केली होती. २ नोव्हेंबरला उपोषण सुटलं होतं, लक्ष्मीपूजन १२ ला होतं. चाचांच्या दुकानाचं पुढचं दार उघडं होतं आणि पणत्या, उटणं, रांगोळी बाहेर मांडलेली. काकूंनी मागची उधारी फेडली, वर दोन रुपयांवरून घासाघीस केली. चाचा वैतागले. "वैनी, दरसाली हेच करता तुम्ही." मला त्या वैतागाचा इतका आनंद झाला की मी उगाचच अर्धा किलो शेंगदाणे घेतले.

आता चौपदरी रस्त्याला बायपास झालाय. गाड्या गेवराईला वळसा घालून थेट बीडकडं जातात, आणि आत काय आहे ते लोक मोबाइलवर पाहतात. तुम्ही संभाजीनगरहून येत असाल तर शहागडचा पूल ओलांडल्यावर बायपास सोडा, गावात शिरा. स्टँडजवळ चहा घ्या. चहावाल्याचं आडनाव विचारू नका, मामा म्हणा. पैसे मात्र सुटे ठेवा. मामा नात्यागोत्यात सवलत देत नाहीत.