सरळ रेषेतले आठ

आपल्या कॉलेजात इंजिन म्हटलं की चार सिलेंडर. लॅबमधलं कट-सेक्शन चारचं, वायवाला विचारतात तेही चारचं, आणि पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांत तर तीनच! पण 1920 ते 1950 च्या काळात रुबाबदार गाडी म्हणजे आठ सिलेंडर, तेही एका ओळीत. पॅकार्ड, ब्युइक, ड्यूसेनबर्ग, बुगाटी... सगळ्यांकडे हे 'स्ट्रेट एट' होतं. त्या गाड्यांची बॉनेट एवढी लांबलचक का, याचं उत्तर तिथेच आहे.

आमच्या ग्रुपला हे इंजिन प्रत्यक्ष भेटलं ते साताऱ्यात. एका मित्राच्या आजोबांकडे 1938 ची ब्युइक स्पेशल आहे. 248 घन इंच, म्हणजे सुमारे 4.1 लिटर, कंपनीच्या हिशेबाने 3400 आरपीएमला 107 हॉर्सपॉवर. आजोबा 84 वर्षांचे. त्यांची इच्छा एकच, खंबाटकीचा घाट गाडीने स्वतःच्या दमावर चढावा आणि तेव्हा आपण आत बसलेलं असावं. नातवाची इच्छा जरा वेगळी. गाडी 'उडाली' पाहिजे!

नातवाकडे पुरावाही होता. 1941 साली ब्युइकनेच या इंजिनावर दोन कार्ब्युरेटर बसवले. नेहमी एकच चालायचा, पाय जोरात दाबला की दुसरा मदतीला यायचा. साध्या इंजिनाचे 115 हॉर्सपॉवर, दोन कार्ब्युरेटरवाल्याचे 125. मोठ्या 320 घन इंचाच्या इंजिनाचा आकडा तर कॉम्प्रेशनही वाढवल्यामुळे 141 वरून 165 वर गेला. पठ्ठ्याने परदेशातून तसलं जुनं मॅनिफोल्ड मागवलंसुद्धा. पुढचा बेत हेड तासून कॉम्प्रेशन वाढवायचं आणि इंजिन 4500 पर्यंत फिरवायचं.

इथे आम्हाला टॉमची आठवण झाली. (थिअरी ऑफ मशीन्स हो, उंदराच्या मागे धावणारा नव्हे!) बॅलन्सिंगच्या दृष्टीने स्ट्रेट एट म्हणजे आदर्श विद्यार्थी. प्रायमरी बॅलन्स आहे, सेकंडरी आहे, दर 90 अंशांना एक स्फोट. म्हणून तर ते एवढं मऊ चालतं. दुखणं आहे ते लांबीत. आखूड पंचा पिळायला जोर लागतो, लांब पंचा सहज पिळला जातो. क्रँकशाफ्टचंही तेच. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली की पिळाला होणारा विरोध निम्मा. प्रत्येक स्फोटाबरोबर शाफ्ट किंचित पिळला जातो आणि सुटतो. ही लय शाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, की पीळ वाढत जातो आणि शेवटी शाफ्ट तुटूही शकतो. म्हणून त्याच्या पुढच्या टोकाला डँपर असतो. मोठमोठ्या डिझायनरांनाही हा पीळ चुकला नाही. व्हित्तोरियो यानो यांनी 1931 च्या अल्फा रोमिओ 8सी 2300 मध्ये चार-चार सिलेंडरचे दोन ब्लॉक केले आणि कॅमशाफ्टचे गिअर मधोमध बसवले. 1954 च्या मर्सिडीज डब्ल्यू 196 ने तर ताकदच क्रँकच्या मध्यातून बाहेर काढली. लांब शाफ्टचे जणू दोन आखूड शाफ्ट केले.

आमच्या ब्युइकला ही चैन नव्हती. पाच मेन बेअरिंग, आणि कनेक्टिंग रॉडला ओतलेलं बॅबिट. वहीवर हिशेब मांडला. पिस्टनच्या जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 3400 वरून 4500 म्हणजे पावणेदोन पट! आणि हेड एक मिलिमीटर तासलं तरी कॉम्प्रेशन 6 वरून जेमतेम सव्वासहा. पेठेतल्या मिस्त्रींना आमचं गणित दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "वरनं कितीबी वता, खालच्याला पेलाय नगं का?" तीन पानांचं उत्तर एका वाक्यात!

मग मिस्त्रींनी आठही प्लग काढून फळीवर ओळीने मांडले. मधले काळपट, पहिला आणि आठवा पांढुरके. टोकाच्या सिलेंडरांना पेट्रोल कमी पडत होतं. मॅनिफोल्डवर पट्टी धरली, तर ते चक्क वाकलेलं. दोन्ही टोकांना गॅस्केटमधून हवा आत शिरत होती. म्हणजे ही गाडी 107 घोड्यांची उरलीच नव्हती. मित्र घुश्शात होता. "अरे, मी दहा घोडे वाढवायला निघालोय आणि तुम्ही आहेत तेच मोजताय!" वाद दोन दिवस चालला. शेवटी आजोबाच म्हणाले, "बाळा, हे इंजिन फुटलं तर दुसरं कुठून आणणार आहेस?" तिथे विषय संपला.

मग जे केलं ते असं. मॅनिफोल्ड मशीनवर सपाट केलं. हेड तासलं, पण सरळ होण्यापुरतंच. रॉड आणि पिस्टनचे आठ जोड काट्यावर घातले. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांत 11 ग्रॅमचा फरक निघाला, तो मिस्त्रींनी घासून घासून एका ग्रॅमवर आणला. बॅबिट नव्याने ओतून घेतलं. डँपर खोलून, तपासून नीट बसवला. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, म्हणून रबरी नळ्या बदलल्या आणि जेट थोडा मोठा केला. दिसायला नवीन असं काहीच नाही. फोटो काढून मिरवावं असं तर मुळीच नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून परतताना ब्युइक खंबाटकी चढली. मित्र चालवत होता, शेजारी आजोबा, मागे आम्ही तिघं कोंबलेलो. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. वर पोचल्यावर आजोबांनी गाडी थांबवायला लावली, इंजिन मात्र बंद करू दिलं नाही. बॉनेट उघडून त्यांनी हेडवर एक रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं. ते उभंच राहिलं. आजोबा कितीतरी वेळ त्याकडे बघत होते, आणि घाटातून जाणारे ट्रकवाले आमच्याकडे.

दोन कार्ब्युरेटरवालं मॅनिफोल्ड अजून खोक्यातच आहे. मित्र म्हणतो, बेअरिंग रुळली की बसवू, पण 3400 च्या वर नेणार नाही. मिस्त्रींची हरकत नाही. ज्युनिअर मंडळींनो, तोपर्यंत बॅलन्सिंगचं चॅप्टर ऑप्शनला टाकू नका. साताऱ्यात तुमची गरज पडणार आहे!