गरम इंजिनाचा काटा

मे महिन्यात नांगरट आटोपली की छत्रपती संभाजीनगरच्या जळगाव रोडवर गॅरेजांपुढे जुने ट्रॅक्टर उभे दिसू लागतात. मृगाआधी दुरुस्तीला सवड मिळते ती याच दिवसांत. फुलंब्रीकडून आलेल्या शेतकऱ्याची तक्रार थोडक्यात होती. "सकाळी ऑइल प्रेशरचा काटा वर असतो, मिस्त्री. दोन तास रोटाव्हेटर मारला की पार बसतो." दुसरीकडे कुणीतरी त्याला फुल इंजिन करायला, म्हणजे सगळं इंजिन उघडून नव्याने बांधायला सांगितलं होतं, आणि पेरणीच्या तोंडावर त्या खर्चाने त्याची झोप उडाली होती.

मिस्त्रींनी इंजिन उघडायचं नावही काढलं नाही. ट्रॅक्टरचं मीटर काढून त्यांनी तिथे आपलं खात्रीचं मीटर लावलं. जुन्या मीटरची नळी चेपलेली असते, कधी काटाच अडकतो. थंड इंजिनाला चार किलो प्रेशर आलं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही. ट्रॅक्टर अर्धा तास कामाला जुंपला आणि मग पाहिलं: १८०० आरपीएमला सव्वा किलो, आयडलला अर्ध्या किलोच्याही खाली.

थंड इंजिनावर भरवसा का ठेवायचा नाही? १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशाला जेवढं घट्ट असतं, १०० अंशाला त्याचा साधारण सातवा हिस्सा उरतो. इंजिनाची झीज घट्ट तेलात झाकली जाते आणि पातळ तेलात उघडी पडते.

मुळात पंप प्रेशर बनवत नाही, तो फक्त तेल ढकलतो. पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसं बेअरिंगच्या अरुंद फटीमुळे प्रेशर तयार होतं. फट दुप्पट झाली की तेवढ्याच प्रेशरला तिच्यातून आठपट तेल निसटतं. नव्या इंजिनात ही फट दोन-तीन थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी. काटा खाली येतो तेव्हा तो बहुतेकदा या फटीबद्दलच बोलत असतो. लायनर-पिस्टनचा त्याच्याशी थेट संबंध नाही, तरी फुल इंजिनाच्या हिशेबात पहिला खर्च त्यांचाच लागतो. ब्रीदरमधून धूर नाही, तेल जळत नाही, मग लायनरला हात कशाला?

बेअरिंगच्या या फटीत काय चालतं ते १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांना अवचित कळलं. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना त्यांनी वर एक भोक पाडलं, तर तेल त्यातून उसळून बाहेर यायला लागलं. लाकडी बूच ठोकलं, तेही बाहेर ढकललं गेलं. फिरणारा आस तेल फटीत ओढून स्वतःच त्यावर तरंगत होता. म्हणजे भार तेलाचा पातळ थर पेलतो, आणि पंपाचं काम तो थर तुटू न देण्याचं.

मिस्त्रींनी डिपस्टिक काढली. तेल कमी नव्हतं, खुणेच्या वर बोटभर होतं. शेतकऱ्याला बरं वाटलं, मिस्त्रींना नाही. त्यांनी तेल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. डिझेलचा वास! डिझेलच्या फीड पंपाचा डायफ्रॅम फाटला होता आणि डिझेल गुपचूप इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होतं. डायफ्रॅम, तेल, फिल्टर बदलून पुन्हा अर्धा तास चालवलं. १८०० ला पावणेदोन किलो. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती.

इथे पुष्कळ जण जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालतात किंवा जाड तेल ओततात. काटा वर येतो, फट तशीच राहते. ही शेतकऱ्याची फसवणूक आहे. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह काढून पाहिला, कचरा नव्हता, स्प्रिंग ठीक होती. मग चेंबर उतरवायचं ठरलं.

ट्रॅक्टरला गाडीसारखी चासी नसते, इंजिनच पाठीच्या कण्यासारखं भार घेतं. म्हणून जॅक आणि लाकडी ठोकळे लावून आधी पुढचा भाग पेलून धरावा लागतो. चाळणी साफ निघाली. पण कनेक्टिंग रॉडच्या बिग एंड बेअरिंगच्या शेलवरचा करडा थर घासून खालचा तांबूस धातू दिसत होता. पातळ झालेल्या तेलाने किती दिवस बेअरिंग उपाशी ठेवलं होतं, ते त्या तांबूसपणात वाचता येत होतं. मिस्त्रींनी क्रँकचं प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने आडवं आणि उभं मोजलं. फरक अर्ध्या थाउपेक्षा कमी. क्रँक ग्राइंड करायची गरज नव्हती, स्टँडर्ड शेल पुरणार होत्या. मेन बेअरिंगच्या वरच्या शेलसाठी त्यांनी क्रँकच्या तेलाच्या भोकात छोटी पिन बसवली आणि क्रँक हळूहळू फिरवला. शेल सरकत बाहेर आली.

सगळं बसवून झाल्यावर स्टॉप ओढून धरत, काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन सुरू होणार नाही. मग पुन्हा तोच अर्धा तास. १८०० ला तीन किलो, आयडलला सव्वा. मिस्त्रींनी मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने तारीख, तास आणि हे दोन आकडे लिहिले, आणि दिवाळीनंतर गरम इंजिनावरच पुन्हा मोजायला यायला सांगितलं.