स्कॉटलंडची टॉडी व तारापूरची ताडी

स्कॉटलंडांत कोणास सर्दी-पडसें झालें म्हणजे घरांतील वडील माणसें गरम पाणी, मध, लिंबू व थोडी व्हिस्की एकत्र करून त्यास प्यावयास देतात. या पेयाचें नांव 'टॉडी'. हा शब्द अस्सल स्कॉच असावा असें पुष्कळांस वाटतें. एडिंबरो शहराजवळच्या 'टॉड'च्या विहिरीशींहि कित्येकांनीं त्याचा संबंध जोडून पाहिला आहे. परंतु कोशकारांचा कौल निराळा पडतो. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर व्यापारासाठीं आलेल्या साहेबलोकांनीं आपल्या 'ताडी'चा 'टॉडी' केला व तो शब्द जहाजांतून मायदेशीं नेला, असें ते सांगतात. ताडाचें झाड मात्र तिकडे नेतां येण्याजोगें नव्हतें. म्हणून नांव राहिलें आणि आंतला रस बदलला.

आमचे धाकटे बंधु कांहीं वर्षें नोकरीनिमित्त ग्लासगो येथें होते. ते स्वतः चहाच्या पलीकडे कधीं गेले नाहींत. पण तेथील 'पब' या संस्थेचें त्यांना भारी कौतुक. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', सार्वजनिक घर. लांकडी बाकें, भिंतीशीं धगधगणारी शेगडी, येणाऱ्याजाणाऱ्यास नांवानें ओळखणारा मालक. व्हिस्कीचा एवढासा पेला व त्याच्या शेजारीं अर्धा पाइंट बिअर. भूक लागल्यास मेंढीच्या काळजाचें व ओटचें 'हॅगिस', सोबत सलगम आणि बटाटे. बंधूंच्या वांट्याला अर्थात् सलगम-बटाटेच येत. पण सूपाच्या एका वाटीवर सारी संध्याकाळ काढली तरी कोणी ऊठ म्हणत नसे, आणि गिरणींतला कामगार व कॉलेजांतला प्रोफेसर एकाच बाकावर बसलेले दिसत. रॉबर्ट बर्न्स हा त्या लोकांचा लाडका कवि. डम्फ्रीज गांवच्या 'ग्लोब' पथिकगृहांत त्याची नेहमीची खुर्ची अजून दाखवितात. गंमत अशी कीं, पानगृहांत रमणारा हा कवि १७८९ पासून अबकारी खात्याचा नोकर होता. रात्रीं जें प्यावें त्यावरच दिवसा कर गोळा करावा, असा त्याचा दुहेरी संसार!

हें वर्णन एकदां माजघरांत चाललें असतां आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "एवढें कौतुक असेल तर आपल्या तारापुराकडे जा कीं. तिथें झाडाखालींच बसतात." बाईंचा स्वर उपरोधाचा होता. परंतु बंधूंनीं तें बोलणें शब्दशः घेतलें, आणि पौषांतल्या एका संध्याकाळीं आम्ही दोघे डहाणूच्या गाडींत बसलों. पालघर हें आतां, १ ऑगस्ट २०१४ पासून, ठाण्यांतून निघालेल्या स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे. रात्रीचा मुक्काम केळवें-माहीम येथें एका परिचितांकडे केला.

या किनाऱ्याची ओळख नारळाच्या, केळीच्या व पानवेलींच्या वाड्यांनीं होते. वाडी संपली कीं ताड सुरू. ताडाचें झाड ऐंशी-नव्वद फुटांपर्यंत जाऊं शकतें, आणि लावल्यापासून रस देऊं लागेपर्यंत बारा-पंधरा वर्षें सहज जातात. म्हणजे बापानें लावावें व मुलानें चढावें असा हा व्यवहार. झाडांत नर व मादी निराळीं असतात. वैशाखांत आपण जे ताडगोळे आवडीनें खातों ते मादीचे. रस मात्र दोन्ही देतात. रस काढणें हें येथील भंडारी समाजाचें पिढीजात काम. पायांत दोरीचा फास अडकवून माणूस शेंड्यावर जातो, फुलोऱ्याचें टोंक कोयत्यानें कागदाएवढें पातळ छाटतो व त्याखालीं मडकें बांधतो. ही छाटणी रोजची आहे. एक दिवस चुकला तर जखम सुकते आणि धार बंद होते. मडक्याला आंतून चुन्याचा हात दिला, आणि तें सूर्योदयापूर्वीं उतरविलें, तर मिळते ती नीरा. चुना न लावतां तेंच मडकें उन्हांत राहिलें कीं हवेंतील यीस्ट आपलें काम सुरू करतें, साखरेचें मद्यार्कांत रूपांतर होऊं लागतें, आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते. आणखी एक दिवस गेला कीं ती आंबट होऊन शिर्क्याच्या वाटेस लागते. एकाच झाडाचा, एकाच मडक्याचा रस. सोंवळेंओंवळें काय तें घड्याळावर.

आम्हीं पहांटे नीरा घेतली. किंचित् धुरकट वास, शहाळ्याहून दाट गोडी, आणि घशाखालीं उतरल्यावर थंडीतहि अंगांत येणारी तरतरी. बंधूंनीं दुसरा पेला मागितला व ग्लासगोचें नांव त्या दिवशीं पुन्हां काढलें नाहीं.

दुपारीं त्याच वाडींत निराळी मंडळी जमूं लागली. छपरी म्हणाल तर चार खांबांवर झावळ्या. बांक म्हणाल तर ताडाचाच आडवा टाकलेला सोट. सातपाटीकडचे दोन मच्छिमार, एक रिक्षावाला, एक निवृत्त शिक्षक, डोंगराकडून बाजाराला आलेले वारली जोडपें. वारली समाजांत ताडीस लग्नकार्यांतहि मान आहे, आणि त्यांच्या भिंतीवरील पांढऱ्या चित्रांत ताडावर चढणारा माणूस वारंवार दिसतो तो उगाच नव्हे. खावयास भाजलेले सुके बोंबील, चणे, उकडलेलीं अंडीं. दक्षिणेस आगाशीकडे भाजलेली कोंबडी व पोहे यांचें 'भुजिंग' प्रसिद्ध आहे, तेंहि ताडीच्या सोबतीचेंच खाणें असें सांगतात. आमच्यासारख्यांची सोय आमच्या यजमानीणबाईंनीं केली होती. कोनफळ, रताळीं, वालपापडी असें सारें मडक्यांत घालून मंद आंचेवर शिजविलेली उकडहंडी त्यांनीं डब्यांतून पाठविली, आणि ती उघडतांच आमच्या भोंवतीं बरीच वस्ती झाली. मास्तरांनीं आपला पेला बाजूला ठेवून रताळें उचललें.

येथें एक गोष्ट कुजबुजून सांगावयास हरकत नाहीं. गोव्यांत व वसईकडे पावाचें पीठ पूर्वीं ताडी-माडीनेंच फुगवीत. आपल्या आजोबांच्या काळीं पाव घरांत येऊं न देण्याचें हें एक कारण होतें. आणि ज्यांच्या घरांत तो गुपचूप येत असे त्यांनीं झाडाखालीं बसणाऱ्यांस फार नांवें ठेवूं नयेत.

बंधूंनीं विचारलें, हें सारें इतकें साधें असतां ताडी म्हटल्याबरोबर आपण नाक कां मुरडतों? त्याचें उत्तर निम्में धर्मांत व निम्में अबकारींत आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ठाणें जिल्ह्यांत झाडावरील कर वाढला. भंडारी मंडळींनीं अर्जविनंत्या केल्या, पण झाड असणें आणि त्याचा रस काढतां येणें या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. १८९२ च्या कायद्यानें मोहाचीं फुलें जमविण्यावरहि या भागांत बंधन आलें. जंगलांत व वाडींत फुकट मिळणारें पेय आटलें आणि मक्तेदाराच्या दुकानांतली कडक दारू तेवढी राहिली. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० च्या एप्रिलांत बंदी पूर्ण झाली, आणि तींत ताडीहि गेली. साठाव्या दशकांत ते बंध सैल झाले खरे, परंतु मधल्या काळांत ताडी चोराची वस्तु ठरली होती. तो डाग अजून निघालेला नाहीं. स्कॉटलंडांतहि कायदे कमी कडक नव्हते. १८५३ च्या कायद्यानें रविवारीं व रात्रीं अकरानंतर दारें बंद केलीं. पबना रविवारीं उघडण्याची मोकळीक १९७६ च्या कायद्यानें मिळाली. पण तेथें घर व त्याचा मालक शाबूत राहिला. आपल्याकडे घर गेलें आणि बाटली राहिली.

ती बाटली पाहावयाची असल्यास बोईसरला जावें. तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतला व बाजी भिवराव तेथें पडले, हें वाचकांस ठाऊकच असेल. त्याच परिसरांत १९६९ पासून देशांतील पहिलें अणुवीज केंद्र चालूं आहे, आणि बोईसर-तारापूरच्या मध्यें औद्योगिक वसाहतीचे कारखाने. पाळी सुटली कीं परप्रांतांतून आलेले हजारों तरुण रस्त्यावर येतात. त्यांना जावयाला घर नाहीं, असते ती आठ जणांची खोली. त्यांच्यासाठीं 'परमिट रूम' आहेत: काळ्या कांचा, आंत अंधार, पाठीला पाठ लावून बसलेलीं माणसें, आणि बोलणें कोणाचेंच कोणाशीं नाहीं. सार्वजनिक घराच्या अगदीं उलट अशी ही खाजगी कोंडी. याहून वाईट म्हणजे बनावट ताडी. ज्या शहरांत ताड औषधालाहि दिसत नाहीं तेथेंहि ती विकली जाते. पाण्यांत क्लोरल हायड्रेटसारखीं गुंगीचीं द्रव्यें मिसळलेलीं असतात, आणि माणसें त्यानें मरतात. ज्याच्या झाडाकडे बोट दाखवितां येत नाहीं, ती ताडी कोणीं तोंडाला लावूं नये.

आमचें हें वर्णन वाचून भगिनीवर्ग रागावेल, व त्यास तसा अधिकार आहे. नवऱ्याची मजुरी कोठें जाते हें झाडाखालीं बसलेल्यांपेक्षां चुलीपुढें बसलेलीस अधिक कळतें. महाराष्ट्रांत आतां असा नियम आहे कीं, गांवांतील २५ टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी केली, आणि एकूण मतदारांपैकीं निम्म्यांहून अधिकांनीं 'आडव्या बाटली'स मत दिलें, तर दारूचें दुकान बंद करावें लागतें. स्कॉटलंडांत १९१३ च्या कायद्यानें असाच कौल घेण्याची सोय झाली; १९२० पासून मतदान होऊं लागलें, आणि विक नांवाचें उत्तरेकडील मासेमारीचें बंदर १९२२ पासून १९४७ पर्यंत कोरडें राहिलें. हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांच्या गांवीं पंचवीस वर्षें पब नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या मतें असा कौल घेतांना दुकानाची बाटली व झाडाचें मडकें यांत बायांनीं फरक करावा. पण तो त्यांनींच करावा, आम्हीं नव्हे.

निघण्यापूर्वीं आम्ही वाडीच्या म्हाताऱ्या भंडाऱ्याजवळ बसलों. डहाणूस २०२० च्या जूनमध्यें खादी ग्रामोद्योग आयोगानें नीरा व ताडगूळ यांचें काम पुन्हां उभें करण्यासाठीं दोनशें कारागिरांस कढया, साचे, कोयते असें साहित्य दिलें, ती हकीगत बंधूंनीं त्यांस सांगितली. "कढई चांगली," ते म्हणाले, "पण कढई चढत नाहीं." त्यांचे दोन्ही मुलगे बोईसरच्या कारखान्यांत आहेत, महिन्याचा पगार, वर विमा. ताडावरून पडलेल्यास विमा कोण देणार? वाडींत चाळीस ताड आहेत. यंदां त्यांनीं अकरांनाच मडकीं बांधलीं आहेत, तीं ठेंगणीं म्हणून. बाकीचीं ताडगोळ्यांसाठीं ठेवलीं. अर्धा शेर ताडगूळ त्यांनीं पानांत बांधून आमच्या हातीं दिला, पैसे मोजून घेतले, आणि तिसऱ्या प्रहरची छाटणी राहिली होती म्हणून कोयता कमरेला लावून ते उठले.