साठ माणसांची उसळ

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका बारशाच्या जेवणाचे तांदूळ निवडत होतो. ‘कमी खर्चात घरच्या घरी सण कसा साजरा करावा, यावर लिहा,’ म्हणाले. कुणकेश्वरात आणि आसपासच्या वाड्यांत तीस वर्षे रांधप करतोय. पूजा, बारशी, महाशिवरात्रीच्या जत्रेत पाहुण्यांनी भरलेली घरे, चतुर्थीची भजने, सगळे केले. पण लिहायला बसलो की 2025 च्या चतुर्थीतली एक रात्र आड येते.

27 ऑगस्टला गणपती बसले. तिसऱ्या रात्री एका घरी भजन होते. त्या घरचा मुलगा मुंबईला, नोकरी नुकतीच गेलेली. घरच्या वहिनी म्हणाल्या, “काका, साठ माणसांची उसळ-पाव नि चाय, बस. उरला तर टाकूचा लागता, कमी पडला तर मान खाली जाता.” या एका वाक्यात आमचा सगळा धंदा आला.

माणसे मोजणे हे पहिले काम. भजनी मंडळ ठरलेले असते: बुवा, पखवाजी, झांजा-चकीवाले, कोरस धरून पंधरा-वीस. बाकी वाडी. आमंत्रण कुणाला दिले याला अर्थ नाही, गणपतीला आमंत्रण लागत नाही. घरटी दोन माणसे धरायची, मुले निम्मी मोजायची आणि चाकरमानी कुठल्या घरी किती आलेत ते आदल्या दिवशी विचारून घ्यायचे. मग माप. सुके काळे वाटाणे माणशी चाळीस ग्रॅम, म्हणजे साठ जणांना 2 किलो 400 ग्रॅम. भिजल्यावर त्यांचे वजन दुपटीच्या आसपास जाते. दहा माणसांमागे एक नारळ. त्या वर्षी बाजारात नारळ हात लावू देत नव्हता, पण वहिनींच्या परड्यातल्या माडांचे सहा निघाले. केळीची पानेही घरचीच.

लोकांना वाटते, खर्च कमी करायचा म्हणजे वाढताना हात आखडायचा. हा समज मला फार त्रास देतो. हात आखडू नये, पदार्थ आखडावेत. गेल्या काही वर्षांत भजनाला पनीर, नूडल्स, थंड पेयांच्या बाटल्या यायला लागल्या. प्रत्येक पदार्थ पन्नास माणसांना पुरेल असा करायचा म्हटला, की चार पदार्थांना दोनशे माणसांचा खर्च येतो. खाणारा माणूस मात्र एकच असतो. एकच उसळ पोटभर द्या, दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदाही विचारा. पाहुणा तेवढेच लक्षात ठेवतो.

आता सोड्याचे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पावसाळ्यात ओलसर उकाड्यात पडून राहिलेले जुने वाटाणे कितीही शिजवले तरी कडक राहतात. मग कुणी तरी शहाणा चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतो. वाटाणे मऊ होतात हे खरे. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन सोड्याने विरघळते, म्हणून होतात. पण त्याच सोड्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते, साल सुटते, रस्सा गिळगिळीत होतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते. काही जण म्हणतात, सोड्याने जळण वाचते. मी म्हणतो, वाटाणे आदल्या रात्री भिजवा, दहा-बारा तास, दोनदा पाणी बदला, तेवढेच जळण वाचते. विहिरीचे पाणी जड असेल तर पावसाचे गाळलेले, उकळलेले पाणी घ्या. जड पाण्यातल्या कॅल्शियमने तेच पेक्टिन घट्ट होते. आणि आमसूल? दाणा बोटाने दाबल्यावर चुरडला गेल्याशिवाय आमसूल टोपात पडता कामा नये. आंबटाने दाणा अडतो. या एका गोष्टीवरून मी नात्यातल्या आचाऱ्याशी दोन वर्षे बोललो नव्हतो. आजही माझे मत तेच आहे.

त्या रात्री वाटाणे उत्तम शिजले होते. चूक माझी वेगळीच झाली. पावसात वीज जाते, मग मिक्सर चालत नाही, या धास्तीने वहिनी म्हणाल्या की वाटप दुपारीच वाटून घेऊ. मी हो म्हटले. तीन वाजता भाजक्या खोबऱ्याचे वाटप वाटाण्यांत घालून टोप झाकून ठेवला. उकळीने जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात, आणि कोमट टोपात ते पुन्हा वाढीला लागतात. हे मला अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणात शिकवलेले. तरी मी हो म्हटले. साडेदहाला भजनाला चढ आला असताना झाकण उघडले. वर फेस, वास आंबूस. सगळा टोप माडाच्या मुळाशी खड्ड्यात ओतला. सहा नारळ, अडीच किलो वाटाणे आणि त्या बाईचे दोन दिवसांचे कष्ट.

वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. आत जाऊन पोह्यांचा डबा उतरवला. गूळ किसला, देवासमोरचे नारळ फोडून खोवले, भिजवलेल्या पोह्यांत कालवले, वेलची टाकली. केळीच्या पानांच्या तुकड्यांवर गोडे पोहे आणि चहा, एवढेच बाहेर गेले. भजनी मंडळींनी दोनदा मागून घेतले. गजर होईपर्यंत एक वाजला. निघताना बुवा वहिनींच्या पाया पडले.

मी मजुरी घेतली नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. ते योग्यच होते. पण पोह्यांनी वेळ निभावली म्हणून माझी चूक लहान होत नाही. गरिबाच्या घरचे अन्न माझ्या हातून गेले, आणि तेही मला कळत असताना.

पुढच्या चतुर्थीला तुमच्या घरी भजन असेल तर एवढे करा. वाटाणे रात्री भिजवा, शिजवून बाजूला ठेवायचे झाले तर उघड्यावर पसरून लवकर गार करा, आणि वाटप भजनी अंगणात आल्यावरच घालून सगळा टोप खळखळून उकळा. वीज गेली तर शेजारच्या घरातला पाटा मागून आणा.